न आवडल्याची तीन कारणे

वाचनालयाच्या कथास्पर्धेचं परीक्षण एकही तक्रार न येता पार पडलं, तर निवृत्त मुख्याध्यापकांच्या पदरी दोन गोष्टी पडणार होत्या: सभागृहात पहिल्या रांगेत हक्काची खुर्ची आणि तहहयात परीक्षकपद. गेल्या वर्षीच्या परीक्षकांनी भाच्याला पहिलं बक्षीस देऊन वर 'मला खरंच आवडली हो' असं सांगितलं होतं. समितीने तीन बैठका घेऊन रोगाचं मूळ शोधलं. ते म्हणजे आवड.

यंदा कथांवर नावं नव्हती. सोबत तक्ता होता. 'कथा आवडली काय?' इथे 'होय' लिहिलं की परीक्षकाचा कल सिद्ध, कथा बाद. 'नाही' लिहिल्यास किमान तीन कारणे. ज्या कथेची नावड सर्वांत ठाम, तिथे वशिल्याचा संशय सर्वांत कमी. सबब ती पहिली.

मुख्याध्यापकांना नियम पटला. नियम त्यांना पटतातच. पहिल्या बावीस कथांपैकी आवडलेल्या चार त्यांनी निष्ठुरपणे बाद केल्या. तेविसाव्या कथेत जिन्याची तिसरी पायरी करकरली आणि वर्तमानपत्राआडून एक नवरा न ऐकताच 'ऐकतोय' म्हणाला. पायरी त्यांच्या घरची होती. 'ऐकतोय'ही. बायको दोन वर्षं दुपारी दार लोटून काय करते, ते आत्ता कळलं. कथा संपली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. एवढा ढळढळीत कल उभ्या नोकरीत झाला नव्हता.

त्यांनी ग्रंथपालांना गाठून, नात्यातल्या कुणाची कथा निघाली तर काय करायचं, असं आडून विचारलं.

"नात्याचा रकाना नाही, सर," ग्रंथपाल म्हणाले. "नातेवाईक आवडत नसतील तर आमची काय हरकत?"

'होय' लिहावं तर तिची कथा टोपलीत. मुख्याध्यापकांनी दोन दिवस काढले आणि 'नाही' लिहिलं. कारणे: पाल्हाळ फार, भाषा सामान्य, नवऱ्याचं पात्र अशक्य कोटीतलं. शेवटच्या कारणाखाली दोनदा रेघ ओढली.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. पारदर्शकतेसाठी ग्रंथपालांनी तिन्ही कारणे परीक्षकांच्या नावासकट ध्वनिक्षेपकावरून वाचली. सभागृहाने निष्पक्षपणाला उभं राहून टाळ्या दिल्या. बाईंनी प्रमाणपत्र घेतलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

घरी आल्यावर ते म्हणाले, "अगं, आवडली म्हणूनच तसं लिहिलं. दुसरा मार्गच नव्हता."

बाईंनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

"ऐकतेय," त्या म्हणाल्या.

आता हिशेब. खुर्ची मुख्याध्यापकांना मिळाली, अब्रू समितीला. दुपारचं ते दार हल्ली सताड उघडं असतं. आत कुणी लिहीत नाही. किंमत कुणी मोजली हे सांगायला नको. आणि वाचता वाचता आपलं मन बाईंकडे झुकलं असेल, तर तो कल झाला. आपलं मत बाद.