जंतूची बाधा

शेळगावच्या रावजीनं उसात लावलेल्या फासात रानडुक्कर सापडलं, तेव्हा त्याला वाटलं, देवच पावला. दुपारी कन्हेरीहून मोहनराव येणार होते, रावजीच्या लेकीची, सारजाची, आपल्या पोराशी सोयरीक पक्की करायला. तीन स्थळं हातची गेली होती. हे चौथं. आणि मोहनराव म्हणजे खाण्याचे दर्दी. कोंबडीवर बोळवण केली तर पान न खाता उठतील, अशी त्यांची ख्याती.

डुक्कर फाडून झालं, एवढ्यात बैलांना घटसर्पाची लस टोचायला ढोरांचा डॉक्टर दारात आला. त्यानं मांडीचा तुकडा उचलून बघितला. आत साबुदाण्यासारखे पांढरे दाणे होते. डॉक्टर पुण्यात शिकलेला. 'किडे' हा शब्द त्याच्या तोंडाला शोभत नसे.

"हे खाऊ नका. याला जंतूंची बाधा झालीय. खाणाऱ्यालाही होईल. खोल पुरून टाका," एवढं बोलून तो सायकलवर टांग मारून गेलासुद्धा.

रावजी कपाळाला हात लावून बसला. त्याची बायको रंगूबाई म्हणाली, "कोन वो ह्यो जंतू?"

"मला काय ठावं? आसंल कुनीतरी उसात मेल्यालं. पर एवढा शिकल्याला मानूस बाधा म्हनतोय, म्हंजी भूत दांडगं आसनार."

भुताशी वाद नको म्हणून रावजीनं अख्खं डुक्कर बांधाला पुरलं, वर लिंबू ठेवलं आणि घरात पिठलं टाकायला सांगितलं.

मोहनराव आले. ताटात पिठलं बघून त्यांच्या मिशा खाली आल्या.

"पाव्हणं, वाटंत समद्यांनी सांगितलं, तुमच्यात डुक्कर पडलंय म्हनून. आन् आमाला पिठलं?"

सोयरीक पिठल्यात बुडताना दिसू लागली. वेळेवर खोटं सुचेना, म्हणून रावजीनं खरं सांगून टाकलं.

"मटान व्हतं, पर त्यात जंतूची बाधा निघाली. पुरलं म्या."

मोहनरावांच्या हातातला घास गळाला. "कुनाची?"

"जंतूची."

"पाव्हणं, जंतू आमच्या वडलांचं नाव. जयवंता खरं, पर सारी कन्हेरी जंतूआबाच म्हनायची. जाऊन इस वर्सं झाली."

रंगूबाईनं पदर तोंडाला लावला. होणाऱ्या व्याह्याच्या बापाला आपण फासात धरलं, फाडलं आणि वर पुरलं, हे रावजीच्या ध्यानात आलं. गेलं चौथंही. पण मोहनरावांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"नातसून बघाय आलं बगा म्हातारं. आन् तुमच्या हातनं सुटलं. सोयरीक पक्की. पर आदुगर त्यांचा दहावा झाला पायजे. तुमच्याच बांधावर."

रावजीनं मान डोलावली. अडला हरी गाढवाचे पाय धरी. इथं तर डुकराचे धरायचे होते.

दहाव्या दिवशी मोहनरावांनी डोकं भादरलं, बांधावर पिंड मांडला. कावळा काही शिवेना. शेवटी रावजीनं हात जोडले. "आबा, चुकलं. वळखलं न्हाय तुमाला." तेव्हा कुठं शिवला.

तेवढ्यात डॉक्टर सायकलवरून उतरला. मटण पुरलं की नाही, ते बघायला आला होता. मुंडण बघून थबकला.

"कोण गेलं?"

"आमच्या व्याह्यांचं वडील," रावजी म्हणाला.

"अरेरे. कशानं?"

"तुमी सांगितलं तेच की, डाक्तर. जंतू."

डॉक्टरचा चेहरा उतरला. "म्हणजे रानडुकराचं मटण खाल्लं त्यांनी?"

"लई आवडायचं त्यास्नी," मोहनराव डोळे पुसत म्हणाले.

स्वराज्य आल्यापासून कागदावर चढल्याखेरीज माणूस मेला असं धरत नसत. डॉक्टरनं सायकलच्या सीटवर वही ठेवून रिपोर्ट लिहायला घेतला. गाव शेळगाव. जंतूंची बाधा. दगावले, एक.

"वय किती होतं त्यांचं?"

मोहनरावांना हुंदका आवरेना, म्हणून रावजीनंच बांधाकडं बघून अंदाज घेतला.

"आसंल दोन-अडीच वर्साचं. सुळं नुकतंच भाईर पडत व्हतं."