बारावा कप

आयुष्यात मी एकाही परीक्षेला घाबरलो नाही. नापास व्हायची सवयच होती! पण त्या सोमवारी मी शंभर टक्के पास होणार होतो. अहो, लघवीची तर तपासणी! पाठांतर नाही, घोकंपट्टी नाही. नीट वागलेलं असलं की झालं! आणि मी वागलो होतो. पाठदुखीसाठी घेतलेल्या आणि पुढे मलाच गिळायला लागलेल्या त्या गोळ्या सोडून बारा आठवडे झाले होते.

व्यसनमुक्ती दवाखान्यात दर सोमवारी एक कप भरून द्यायचा. अकरा कप स्वच्छ निघाले होते. बारावा निघाला की ताई मला घराची किल्ली परत देणार होती. तोवर ती शिवणाच्या क्लासवरून येईपर्यंत मी रोज पायरीवर बसून असायचो, कुणी न्यायला विसरलेल्या पार्सलसारखा.

ऐन वेळी अडायला नको म्हणून सकाळपासून पाणी पीत सुटलो. एक तांब्या, दोन तांबे, तीन...

"अरे गुंड्या, पोट आहे की टाकी?"

"तयारी, ताई, तयारी!"

दवाखान्यात कप भरायला अर्धं मिनिट लागलं. नर्सबाईंनी तो उजेडात धरला. कपातून पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. सेकंदकाट्यासकट!

"हे काय?"

"माझंच आहे हो!"

"कोमट आहे, म्हणजे तुमचंच. पण नुसतं पाणी झालंय. यात काही असलं तरी सापडायचं नाही. हा धरता येणार नाही. दोन तासांनी पुन्हा द्या. आणि आता एक घोट जरी प्यायलात ना..."

बाकावर ताई बसली होती. 'नुसतं पाणी' ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. कारण गेल्या वर्षी मी खरोखरच कपात नळाचं पाणी भरून दिलं होतं! कप गार लागला आणि मी पकडलो गेलो. तेव्हापासून तिथल्या संडासातला नळ बंद असतो आणि कमोडच्या टाकीत निळं पाणी असतं. जगात मी घडवून आणलेली सुधारणा म्हणाल तर एवढीच.

"ताई, या वेळी खरंच..."

"गेल्या वेळीही 'खरंच'च म्हणाला होतास."

तिने पर्समधली किल्ली काढली, मुठीत आवळली आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्या मुठीकडे बघत मी दोन तास काढले. खोटं बोलताना कधी घाम फुटला नव्हता. खरं बोलून दरदरून फुटला!

दोन तासांनी आत गेलो. आणि काय सांगू! थेंब नाही! पोटात पूर, पण दाराला कुलूप!

बाहेर दवाखान्यातले मामा पहाऱ्याला. "झालं का हो?"

"नाही."

"आता?"

"अहो मामा, विचारू नका ना! आलेली मागे फिरते!"

दहा मिनिटं गेली, वीस गेली. बाहेर मामा नर्सबाईंना हळूच म्हणाले, "द्यायला तयार नाहीत असं लिहू का?"

आता हा कप रिकामा गेला, तर ती मूठ पुन्हा उघडायची नाही. दाराला तोंड लावून म्हणालो, "ताई, होत नाहीये गं."

चपलांचा आवाज दाराशी आला आणि थांबला. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा आणि ताई अकराची. मला अंघोळ घालण्यापासून निजवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. सगळं म्हणजे अगदी सगळं!

दारापलीकडून बारीक आवाजात सूर लागला.

"झुळझुळ झऱ्या, ये रे खाली,
माझ्या गुंड्याची वेळ झाली! शूऽऽऽ..."

मी बेचाळीस वर्षांचा! मिशीत पांढरे केस! बाहेर बाकावर आठ माणसं! पण शरीराला वय कुठे कळतं? कुलूप उघडलं, झरा वाहिला. डोळ्यांतूनही थोडा वाहिला, पण तो कपात धरत नाहीत.

बाहेर आलो तर बाकावरचे दोघे कप मागत नर्सबाईंपुढे उभे होते.

पाच मिनिटांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वच्छ. आणि इतकं घाबरता कशाला? जास्त पाणी प्यायलं म्हणून कुणी चोर ठरत नाही. ही तपासणी तुम्हाला पकडायला नाही, तुमचं बरं चाललंय ना, ते कळायला आहे."

ताई खाली बघत म्हणाली, "खरं बोलतोयस, असं आधी सांगायचंस ना मला."

"सांगितलं की गं."

"हो," ती म्हणाली. "सांगितलंस." आणि मूठ उघडली.

किल्ली कोमट होती. म्हणजे खरी.

त्या आनंदात बाहेरच्या टपरीवर दोन ग्लास पाणी प्यायलो. मग ताईसोबत ऐटीत घरी आलो, दारासमोर छाती काढून उभा राहिलो, किल्ली उचलली, आणि शेजारच्यांच्या कुकरने शिट्टीआधीचा सूर लावला. शूऽऽऽ...

"ताई! तू उघड! लवकर उघड!"

बारा आठवड्यांनी मिळालेली किल्ली माझ्याकडे दारापर्यंतच टिकली.