तात्यांची तोडी

दुपारी तोडी बघायला मागितली, की आमचे शेजारी तात्या माणसाला ओटीवरच थोपवत. तोडी म्हणजे चित्र. हातात वीणा घेतलेली एक बाई, भोवती हरणं. उत्तरेकडच्या संस्थानातली कारकुनी सोडून तात्या रत्नागिरीला परतले, ते रागरागिण्यांच्या अशा चित्रांची पेटी घेऊनच. गावात तेव्हा मोटारी नुकत्याच दिसू लागल्या होत्या.

माजघरात खिळा एकच, आणि ज्या रागाची जी वेळ तेव्हाच त्याचं चित्र. पहाटे त्यावर भैरव, ऊन चढलं की तोडी, दिवेलागणीला श्री. मेघ फक्त पावसाळ्यात. दीपक लावला की खाली पाण्याने भरलेली कळशी! "असू दे हो. वासे लाकडाचेच आहेत," तात्या म्हणत.

मुंबईचे एक जाणकार बोटीने मुद्दाम आले आणि जेवणानंतर तोडी मागू लागले. तात्यांनी त्यांना आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतलं, पण पेटी उघडली नाही. एकदा ऊन कलल्यावर तात्या अंगणातून ओरडले, "सखाराम, तोडी उतरव रे!" गडी नवा होता, त्याला तोडी म्हणजे आंब्यांची तोडणीच वाटली. तो थेट कलमावर चढला आणि टोपलीभर कोवळ्या कैऱ्या खाली आल्या.

"तुमीच तर सांगितलाव!" सखाराम म्हणाला. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी लोणचं खाल्लं.

गंमत म्हणजे तात्यांना सुराचा गंध नव्हता. आरतीला त्यांच्या हाती कुणी झांजा देत नसे. गाणं होतं ते त्यांच्या बायकोचं, काकूंचं. कीर्तनकाराची मुलगी ती! पण विषमज्वरात दोन्ही कान गेले आणि काकू गायच्या थांबल्या. "सूर लागला की नाही, कुणाला विचारू?" म्हणायच्या. तात्यांना एकच धास्ती. "आतल्या आत वाळून जाईल हो हिचं गाणं," ते मला म्हणाले होते.

एका सकाळी तात्या तापाने फणफणले होते. मला हाक मारून म्हणाले, "मेल्या, ऊन चढलं. तोडी लाव आधी."

मी चित्र लावलं. काकू पदराला हात पुशीत आल्या, चित्राकडे बघितलं, तात्यांच्या खाटेला टेकून बसल्या आणि हलकेच गाऊ लागल्या. रोजचंच असावं, इतक्या सहज. सूर जरा उतरला होता, पण तोडीच होती. खिळ्यावरची चित्रं कुणासाठी बदलत होती, ते मला तेव्हा कळलं.

तात्या मोठ्याने "वा!" म्हणाले. मग काकूंना ऐकू येत नाही हे आठवून त्यांनी खाटेच्या लाकडावर बोटांनी टकटक केली.

टकटक पाठीला जाणवली, तरी काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. "कळलं हो," त्या म्हणाल्या, "पडून राहा आता."