हद्दीवरची वाढ

मोकळ्या जागेइतकी काळजी घेण्याजोगी वस्तू जगात दुसरी नाही, कारण तिथं तक्रार करायला कोणी राहत नाही. १९३४ साली मावळातल्या दोन शेजारच्या नगरपालिकांनी हे ओळखलं. (नावं सांगत नाही, दोन्हीकडचे लोक वाचतात.) पूर्वेकडचा नियम असा, की मोकळ्या जागेतली वाढ घोट्याच्या वर जाता कामा नये, नाहीतर साप होतात. पश्चिमेकडचा असा, की मोकळ्या जागेतली कोणतीही वाढ परवानगीशिवाय कापू नये, नाहीतर पावसात माती वाहून जाते. दोन्ही नियम उत्तम होते.

परंदवडीच्या झुंबरबाईंची दोन गुंठे जागा नेमकी हद्दीवर होती. नवरा तिथं घर बांधायचं म्हणता म्हणता वारला. बाईंनी पूर्वेचा गुंठा कापला, पश्चिमेचा राखला. यावर दोन्हीकडून नोटिसा आल्या. तुमच्या गवताचं बी आमच्याकडे उडतं, असं पूर्वेचं म्हणणं. तुमची उघडी माती आमच्याकडे वाहते, असं पश्चिमेचं. तिसऱ्या नोटिशीला जागा जप्त होणार होती.

दोन्ही नियमांची तुलना करायला गोपाळकृष्ण नावाचा कारकून नेमला गेला. सात महिन्यांनी त्याला एक समान कलम सापडलं: जिथं कोणी राहत नाही, ती मोकळी जागा. माणूस भला होता. स्वतः जाऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही इथंच राहायला या. मग जागा मोकळी उरत नाही."

बाईंनी दिराचं घर सोडलं, हद्दीवर झोपडी घातली, चूल मांडली. पण झोपडीची नोंद व्हायला परवानगी हवी, आणि परवानगीला आधी मोकळी जागा नीट राखल्याचा दाखला हवा. तो नव्हता. तेव्हा कागदावर जागा मोकळीच राहिली. पूर्वेच्या इन्स्पेक्टरनं पाहणी करून प्रामाणिकपणे लिहिलं: 'वाढ एक. उंची साडेचार फूट. हालते-चालते. आठ दिवसांत काढावी.'

गोपाळकृष्णानं हे खाली मान घालून वाचून दाखवलं. बाईंनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. दिराकडं परतायची सोय उरली नव्हती.

"पल्याडच्या कागदात काय लिवलंय?"

"परवानगीशिवाय कापू नये."

"मग मी पल्याडच ऱ्हाते."

त्यांनी चूल उचलून चार हात पश्चिमेला मांडली. मागोमाग झोपडी गेली. पूर्वेचा इन्स्पेक्टर येई, हद्दीच्या दगडापाशी थांबे आणि परत जाई. पश्चिमेचा दरवर्षी येऊन 'वाढ सुस्थितीत' असा शेरा मारी. सासरी त्यांची इतकी विचारपूस कधी झाली नव्हती. अशी अकरा वर्षं त्या सुखानं राहिल्या.

वाचकहो, आपलं घर कागदावरही घरच आहे अशी तुमची खात्री असेल, तर खुशाल हसा. नसेल, तर आपण हद्दीच्या कोणत्या बाजूला आहोत ते विचारून घ्या, आणि मगच उभे राहा.