लूथीबाईंच्या तळघरातलं लेथ

जड वस्तू हलवायला ताकद लागत नाही, अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे पहिल्यापासून मुबलक आहे. कागदाच्या कारखान्यात मी, ऑरिन टेशनं, उभी हयात क्रेन चालवण्यात घालवली. हत्तीच्या पोटाएवढी कागदाची रिळं मी अशी अलगद खाली ठेवायचो, की बाळाला पाळण्यात ठेवणाऱ्या आईनं शिकून घ्यावं. त्यामुळे निवृत्त झाल्यावर मी घरच्या गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटलं, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. ड्रिल मशीन आलं, ग्राइंडर आला, वेल्डिंगचा सेट आला. फक्त लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं यंत्र, नव्हतं. आणि वर्कशॉपमध्ये लेथ नसणं म्हणजे घरात चूल नसण्यासारखं आहे. बाकी भांडी कितीही घासा, शिजणार काय?

मार्च संपत आला होता. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा बर्फ वितळतं आणि चिखलानं अंगणाचं शेत होतं. हार्डवेअरच्या दुकानात फळ्यावर एक चिठ्ठी दिसली: ‘जुनं लेथ विकणे आहे. स्वतः घेऊन जावे.’ खाली हेडविग लूथी हे नाव. मी बाईंना चेहऱ्यानं ओळखत होतो. त्यांचे यजमान, वर्नर लूथी, दोन हिवाळ्यांपूर्वी गेले होते. मी त्याच दिवशी माझ्या मेहुण्याला, लाइलला, पिकअपमध्ये घातलं आणि त्यांच्या दारात हजर झालो.

लेथ तळघरात होतं. लूथीबाईंनी दिवा लावला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. मंडळी, मी लग्नाच्या दिवशी मर्नाला बघितलं तेव्हाही इतका गप्प झालो नव्हतो. जवळजवळ माझ्या पिकअपच्या हौद्याएवढं लांब मशीन, पण त्याच्या बिडाच्या बैठकीवर, बेडवर, एक ओरखडा नाही. तेलाचा पातळ हात फिरवलेला. मी चक, म्हणजे लोखंड पकडणारा गोल जबडा, हातानं फिरवला. लोण्यातून सुरी फिरावी तसा तो फिरत राहिला, थांबायचं नाव नाही.

“घेतलं,” मी म्हणालो. “शनिवारी घेऊन जातो.”

लाइल जिन्याकडे बघत होता. लाइलची हीच सवय मला आवडत नाही. समोर एवढी सुंदर वस्तू असताना हा माणूस जिने बघतो.

“ऑरिन, हे वर कसं जाणार?”

“लाइल, जे आत गेलं ते बाहेर येतं. हा निसर्गाचा नियम आहे.”

लूथीबाईंनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मला वाटलं, त्यांना माझा आत्मविश्वास आवडला.

“कॉफी घेणार?” त्या म्हणाल्या.

कॉफी पिताना सगळं कळलं. त्यांची मुलगी कॅरल ॲरिझोनात असते. आईनं एकटीनं बर्फात राहू नये, घर विकून आपल्याकडे यावं, असा तिचा दोन वर्षं हट्ट. घराला गिऱ्हाईकही मिळालं होतं, एक तरुण जोडपं. त्यांची अट एकच: तळघर रिकामं हवं. त्यांना तिथे बिलियर्डचं टेबल ठेवायचं होतं.

“म्हणजे लेथ गेलं की तुम्ही मोकळ्या,” मी म्हणालो.

“हो,” बाई म्हणाल्या. “मग मी मोकळी.” आणि त्यांनी माझ्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

शनिवारी आम्ही सकाळीच कामाला लागलो. लेथ खोललं. मोटर वर गेली, चक वर गेला, चक ज्याच्यावर बसतो तो जड हेडस्टॉक वर नेताना लाइलनं त्याच्या चर्चमध्ये बोलता येणार नाहीत असे शब्द वापरले, पण तोही गेला. उरला फक्त बेड. म्हणजे ज्याच्यावर बाकीचं सगळं बसतं तो बिडाचा अखंड ओंडका. याच्यासाठी माझी योजना तयार होती. जिन्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांना साबण चोळला, बेडला दोर बांधला. दोर जिन्यानं वर, स्वयंपाकघरातून मागच्या दारानं अंगणात, आणि अंगणात लाइलचा पिकअप. लाइलनं गाडी हळूहळू पुढे घ्यायची आणि बेड राजासारखा वर जायचा. मी खाली उभा राहून सूचना द्यायच्या. क्रेनवाल्याला सूचना देणं आवडतं, कारण आयुष्यभर त्यानं त्या घेतलेल्या असतात.

नेमक्या त्याच वेळी लूथीबाई कॉफीचा थर्मास घेऊन फळ्यांच्या कडेनं खाली आल्या आणि वर्नरच्या कामाच्या टेबलापाशी स्टुलावर बसल्या.

“मी इथे बसले तर चालेल?”

“बसा की. बघण्यासारखं होणार आहे,” मी म्हणालो, आणि ओरडलो, “चल, लाइल!”

बेड निघाला. खरं सांगतो, पाहत राहावं असा निघाला. साबणावरून सरसर सरकत अर्धा जिना चढला, पाऊण चढला. या जिन्याला वरच्या टोकाला एक वळण आहे, स्वयंपाकघराच्या दाराशी. ते वळण मी बघितलं होतं, पण त्याच्याशी माझी ओळख झाली नव्हती. ती आता झाली. बेडचं टोक समोरच्या भिंतीत घुसलं.

“थांब!” मी ओरडलो.

लाइलच्या गाडीच्या काचा बंद होत्या आणि रेडिओवर बेसबॉलचा सामना चालू होता. गाडीला जोर लागतोय म्हणून त्यानं ॲक्सिलरेटर आणखी दाबला. भिंतीचा गिलावा खाली आला, दाराची चौकट तिरपी झाली, कठडा सुटला. मग वरून एक लांबलचक घरघर ऐकू आली आणि सगळं शांत झालं. बेड जिन्याच्या घशात हाडासारखा बसला होता. खालच्या दोन पायऱ्या त्याच्या मागच्या टोकानं केव्हाच मोडल्या होत्या.

थोड्या वेळानं फटीतून लाइलचा आवाज आला. “ऑरिन, गाडी रुतली.”

“लाइल, लेथ अडकलं.”

“म्हणजे आता तू वर येऊ शकत नाहीस?”

“नाही.”

“आणि बाई?”

“बाई माझ्याबरोबर आहेत.”

बेड आणि छत यांच्या मध्ये एक हात जाईल एवढीच फट होती. तळघराच्या खिडक्या वर्नरनं थंडीसाठी काचेच्या जाड विटांनी कायमच्या बुजवल्या होत्या. मी आजूबाजूला बघितलं. वॉशिंग मशीन होतं, फ्रीझर होता, दिवा होता. माणूस इथे आठवडाभर जगला असता. “घाबरू नका बाई,” मी म्हणालो. “परिस्थिती माझ्या हातात आहे.”

“मी कुठे घाबरले?” बाई म्हणाल्या आणि मला कॉफी ओतली.

लाइलनं मात्र घाबरून मर्नाला फोन लावला. मर्ना चर्चच्या हॉलमध्ये बायकांबरोबर ॲपल पाय करत होती. हात पिठात, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. आणि माझा मेहुणा त्या भरल्या हॉलमध्ये म्हणाला, “ताई, ऑरिन लूथीबाईंबरोबर तळघरात आहे. आता तो बाहेर येऊ शकत नाही. भिंतसुद्धा पडली.”

पुढचं तुम्हीच समजून घ्या. निम्म्या बायकांना वाटलं मी भिंतीखाली मेलो, निम्म्यांना वाटलं मी मेलो असतो तर बरं झालं असतं. पण आमच्या गावात दोन्ही प्रसंगांना एकच रीत आहे: काहीतरी खायला घेऊन जायचं. थोड्याच वेळात लूथीबाईंच्या स्वयंपाकघरात बटाट्याची सॅलडं, हॅमची सँडविचेस आणि अग्निशमन दलाचे सगळे स्वयंसेवक जमले.

फटीतून मर्नाचा आवाज आला. “ऑरिन.”

“बोल.”

“जिना मोजला होतास?”

“अंदाज घेतला होता.”

“अंदाज,” मर्ना म्हणाली. तिनं तो शब्द असा उच्चारला, की तळघराचं तापमान उतरलं. मग फटीतून तिचा हात आला, हातात बशी, बशीत दोन सँडविचेस. एक माझ्यासाठी, एक बाईंसाठी. बाईंच्यात लोणचं जास्त होतं.

अग्निशमन दलाचा प्रमुख नॉर्बर्ट हा माझ्या शाळेतला मित्र. त्यानं टॉर्च मारून बघितलं आणि सुस्कारा सोडला. “हे इथून वळणार नाही, ऑरिन. देवानं ओढलं तरी नाही.”

“जे आत गेलं ते बाहेर येणारच, नॉर्बर्ट.”

“आत गेलं तरी कसं?”

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी लूथीबाईंकडे बघितलं. त्या कपात चमचा फिरवत होत्या.

“जिन्यानं नाही गेलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पाया खणला, खाली फरशी ओतली, आणि वर्नरनं आधी लेथ उतरवलं. घर नंतर बांधलं. त्याच्यावर.”

वर स्वयंपाकघरात कोणाचा तरी चमचा खाली पडला.

“बाई,” मी म्हणालो, “हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही इतक्या खात्रीनं बोलत होतात. मला वाटलं, तुमच्याकडे काही युक्ती असेल.”

त्याच सुमाराला ते तरुण जोडपं बिलियर्डच्या टेबलासाठी मापं घ्यायला आलं. अंगणात रुतलेली गाडी, घरात हेल्मेट घातलेली माणसं, सॅलड वाढणाऱ्या बायका, आणि त्यांच्या होणाऱ्या तळघराच्या तोंडातून बाहेर आलेलं लोखंड. तो मुलगा घाबरत म्हणाला, “हे निघणार ना?”

“निघेल,” नॉर्बर्ट म्हणाला. “कटर आणतो. मधोमध कापू, दोन तुकडे सहज बाहेर पडतील.”

कापायचा? तो बेड, मंडळी! आरशासारखा सपाट. असा बेड आता कोणी ओतत नाही. मी दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभा राहिलो. खालच्या बाजूनं उभा राहिल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही, पण मी राहिलो.

“आधी मला काप, नॉर्बर्ट.”

“ऑरिन, वेडेपणा करू नकोस. बाईंना घर विकायचंय.”

“थांबा,” लूथीबाई म्हणाल्या.

त्या स्टुलावरून उठल्या, मोडक्या पायऱ्यांपाशी आल्या आणि बेडवर हात ठेवला. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण वरची कुजबुज थांबली.

“वर्नर रोज संध्याकाळी इथे काम करायचा. मी वर स्वयंपाक करायची. मशीनची घरघर पायाला कळायची. ती थांबली की मी कॉफी ठेवायची, आणि कॉफी उकळेपर्यंत तो हात धुऊन वर आलेला असायचा. हे कोणी कापायचं नाही.” मग त्या फटीकडे तोंड करून म्हणाल्या, “आणि बाळांनो, तुम्ही दुसरं घर बघा. मी ॲरिझोनाला जात नाही. मला ऊन सोसत नाही.”

जोडपं गेलं. जाताना मुलीनं रडवेला चेहरा केला होता, पण हातात कोणीतरी दिलेली ॲपल पायची बशी होती.

नॉर्बर्टच्या माणसांनी चेन पुली लावून बेड मागे सोडवला आणि इंच इंच खाली उतरवला. मी त्यांना सूचना देत होतो. त्यांनी एकही पाळली नाही, तरी काम नीट झालं. शेवटी बेड पूर्वी जिथे होता तिथेच, त्याच चार खुणांवर जाऊन बसला. शिडी लावून आम्ही वर आलो तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नम्रपणे मान लववली. मर्ना म्हणाली, “त्या बाईंसाठी आहेत.”

सगळे पांगल्यावर मी भिंतीची पडझड बघत उभा होतो. लूथीबाई शेजारी आल्या.

“टेश, तुमच्यावर राग नाही माझा. उलट उपकार झाले.”

“ते कसे?”

“मी कॅरलला शब्द दिला होता, तळघर रिकामं झालं की येते. शब्द मोडायचा नव्हता. तुमच्या आधी कितीतरी जण बघून गेले. सगळ्यांनी आधी जिना मोजला, मान हलवली आणि गेले. कॅरल म्हणायची, कोणी मनापासून प्रयत्नच करत नाही.” त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला. “तुम्ही मनापासून केलात.”

मी बराच वेळ हे कौतुक आहे की काय ते ठरवत होतो. शेवटी ठरवलं, आहे.

नंतर कॅरल येऊन आईशी भांडून, रडून, चार दिवस राहून परत गेली. मी आणि लाइलनं जिना बांधून दिला, भिंत लिंपली, अंगणात पिकअपनं केलेला खड्डा बुजवला. सगळे सुटे भाग परत खाली नेले आणि लेथ जोडलं. आता लेथ माझं, तळघर बाईंचं. दुपारी मी तिथे जाऊन काम करतो. घरघर थांबली की वर कॉफी ठेवल्याचा आवाज येतो. कधीकधी मर्नाही वर येऊन बसते, आणि त्या दोघी कशावर तरी खूप हसतात. कशावर, हे मी विचारलेलं नाही.

तर असं माझं वर्कशॉप सुखरूप चालू आहे, आणि माझं नावही पंचक्रोशीत झालं आहे. गेल्या आठवड्यात पलीकडच्या गावाहून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे त्यांच्या बायकोचा मोठा पियानो आहे. सूनबाईंना तो आपल्या घरी न्यायचाय, आणि म्हाताऱ्याला तो द्यायचा नाहीये, पण नाही म्हणवत नाही.

“टेशसाहेब,” ते आवाज खाली घेऊन म्हणाले, “तुम्ही येऊन तो हलवून द्याल का?”

मी उद्या जातोय. लाइलला तयार राहायला सांगितलंय. पियानोच तो, त्यात काय एवढं!