चेंडू गेला आणि वकीलसाहेबही गेले!

फुटबॉलमधलं मला सगळं कळतं! खेळता येत नाही, ते सोडा. पोहता न येणारा माणूस काठावरून बुडणाऱ्याला सल्ला देतोच की! मी तर कित्येक वर्षं सोफ्याच्या काठावर बसून टीव्हीतल्या भल्याभल्या संघांना सल्ले देतोय. ते ऐकत नाहीत, म्हणून हरतात.

त्यामुळे सासऱ्यांचा फोन आला तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही.

"जावईबापू, रविवारी आमच्या गल्लीचा मागच्या गल्लीशी सामना आहे. गेल्या वर्षी त्यांनी एवढे गोल घातले की मोजणारा कंटाळून घरी गेला. माझा न्हावी त्याच गल्लीत बसतो हो! यंदाही हरलो तर मला दाढी वाढवावी लागेल!"

"निर्धास्त राहा," मी म्हणालो. "संघ माझ्यावर सोडा."

"अहो," बायको मागून म्हणाली, "माहेरी माझी थोडी तरी अब्रू शिल्लक ठेवा!"

गल्लीच्या टोकाला वकीलसाहेबांचं मोकळं मैदान. त्याला लागूनच त्यांचं घर, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. मैदान त्यांच्या मालकीचं, पण खेळायला ते फुकट देतात. सध्या पाठीत लचक भरल्यामुळे ते खिडकीखालच्या पलंगावर आडवे होते.

संघ बघितला आणि मी टोपी डोळ्यांवर ओढली. थोरला मेहुणा बेकरीवाला. आयुष्यभर पीठ मळून त्याचे हात भक्कम झालेले, आणि या खेळात हात चालत नाहीत! धाकटा मेहुणा नळदुरुस्तीवाला. कुठूनही सुटलेली वस्तू अडवायला तो आधी पालथा पडतो. माझा साडू विमा एजंट, तो समोरच्या खेळाडूशी बोलतच राहतो. आणि गोलात सासरे, निवृत्त पोस्टमास्तर. हाती आलेलं पुढे पाठवायची त्यांची सवय इतकी जुनी की चेंडू आला की तो थेट जाळ्यात पोचता करायचे! बाकीचे शेजारीपाजारी. शिट्टी वाजली की सगळे चेंडूभोवती गोळा व्हायचे, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे!

"थांबा!" मी ओरडलो. "खेळ सोपा आहे. चेंडू आपल्याकडे असला की पसरायचं, आणि एकमेकांना छोटे छोटे पास द्यायचे. चेंडू गेला की सगळ्यांनी धावून घेरायचं आणि तो परत आणायचा. मी दोनच शब्द ओरडेन. ‘आला!’ म्हणालो की पसरा. ‘गेला!’ म्हणालो की गोळा व्हा. कळलं?"

"कळलं," बेकरीवाला म्हणाला. "पण आधी कोणतं?"

तासाभरात मी घामाघूम झालो, तेही जागेवर उभं राहून! "ताबा सोडू नका! भिंतीपर्यंत पसरा! सगळी जागा आपलीच समजा!"

भिंतीवरून वकिलीणकाकूंचं डोकं वर आलं. "काय हो, हे आतून विचारतायत, कसला ताबा?"

"पूर्ण ताबा, काकू!" मी उत्साहात सांगितलं. "एकदा मिळाला की परत द्यायचाच नाही! दुसऱ्या कुणाला इथे पाय ठेवू द्यायचा नाही!"

काकूंचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. डोकं खाली गेलं. पाचेक मिनिटांत त्या दाराला बाहेरून कडी घालून, पदरानं डोळे पुसत लगबगीनं निघाल्या. त्यांचा भाचाही वकील होता. त्याला आणायला निघाल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

नेमका त्याच क्षणी साडूनं चेंडू घालवला!

"गेला!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. "अरे गेला! डोळ्यांदेखत गेला! धावा रे, सगळे धावा!"

गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान. त्यानं आरोळी ऐकली, रडवेल्या काकूंना जाताना पाहिलं आणि मशीन थांबवलं. शटर खाली आलं. शेजारच्या वाण्यानं त्याला बघून आपलंही ओढलं. बघता बघता सगळी गल्ली सुतकी चेहरे करून वकीलसाहेबांच्या दारात!

आम्ही खेळ थांबवून भिंत ओलांडली. "काय झालं?" मी विचारलं.

"वकीलसाहेब गेले," शिंपी म्हणाला.

"अरेरे! कधी?"

"हे काय, आत्ताच. कुणीतरी ओरडलं ना."

आता खरं सांगतो, ओरडणारा मीच, ही शंका मला शिवलीसुद्धा नाही! मला खरोखर वाईट वाटलं. टोपी काढून मी पुढे झालो. "देवमाणूस! आत्ता पाच-दहा मिनिटांपूर्वी आमच्या खेळाची चौकशी करत होते."

"मला म्हणाले होते, विमा पुढच्या महिन्यात बघू," साडूनं हुंदका दिला.

"माझी छत्री त्याच्याकडेच राहिली," सासरे पुटपुटले.

"तसा माणूस चांगला," शिंपी म्हणाला. "पण एक नंबरचा कजाग! पाच वेळा पँट उसवायला लावली. कंबर म्हणे माझी नाही!"

धाड! खिडकी उघडली. आतून चादर गुंडाळलेले, केस पिंजारलेले वकीलसाहेब अर्धे बाहेर आले. "कोण म्हणालं कजाग?"

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आला!"

आणि काय सांगू! जे तासभर घसा फोडून जमलं नव्हतं, ते एका क्षणात जमलं. माझा संघ पसरला! बेकरीवाला डाव्या टोकाला, नळवाला उजव्या टोकाला, साडू तर भिंतीवरून थेट मागच्या गल्लीत! त्यांना पळताना बघून बाकी गल्लीही "भूत! भूत!" करत पसरली. जागेवर उरले फक्त सासरे. काहीही झालं तरी गोलकीपरनं जागा सोडायची नाही, असं मीच बजावलं होतं.

"ए पोस्टमास्तर," वकीलसाहेब गरजले, "कोण गेलं?"

"तू," सासरे म्हणाले.

तेवढ्यात काकू काळ्या कोटातल्या भाच्याला घेऊन आल्या. मग माझी उलटतपासणी झाली. ताबा कसला? चेंडूचा! गेलं कोण? चेंडू! आलं कोण? तोही चेंडूच! वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारला आणि मला बोलायला चांगले तरातरा अंगणात आले. तिथे आल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की आपण उभे आहोत! रागानं उठताना लचक सुटली होती.

मैदान मिळालं, पण अटीवर. "खेळ खुशाल. पण या जावयानं मैदानात चकार शब्द काढायचा नाही!"

रविवारी ते काठी घेऊन माझ्या शेजारी खुर्ची टाकूनच बसले. मी तोंड उघडलं की काठी माझ्या पायावर! आणि समोर काय चाललं होतं! बेकरीवाल्यानं नळवाल्याला पास दिला, त्यानं एका शेजाऱ्याला, शेजाऱ्यानं परत बेकरीवाल्याला. चेंडू गेला की सगळे एकदम घेरत होते, मिळाला की पसरत होते. शेवटी बडबडणाऱ्या साडूच्या टाळक्यावर आपटून चेंडू जाळ्यात गेला आणि आम्ही एक-शून्यनं जिंकलो!

सासऱ्यांनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली. "जावईबापू, शिकवणं म्हणतात ते याला!"

मी लाजलो. "माझं कसलं कौतुक? मी तर आज एक शब्दही बोललो नाही."

"तेच तर!" सगळे एका सुरात ओरडले.

माझा संघ एकदिलानं काही म्हणाला, ते एवढंच!