दमयंतीबाई, उंची साडेसहा फूट

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. परिणाम दाखवा, कारण सांगते! दूध का उतू जातं, पंखा का कुरकुरतो, नवरा का ऐकत नाही... नाही, तिसरं राहू द्या. पण बाकी कशाचंही मूळ मी तीन दिवसांत शोधून काढते, असा माझा लौकिक होता.

होता!

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी मी मुकुंदवाडीच्या चौकात कोथिंबिरीची जुडी पारखत होते. तेवढ्यात मागून आरोळी आली, "सरका, सरका! दमयंतीबाईची साखळी उतरली!"

दमयंतीबाई म्हणजे मी. मी गळ्याशी हात नेला. मंगळसूत्र जागेवर होतं.

वळून पाहते तर सांडू! माझा जुना विद्यार्थी, आता वाळूजला कंपनीत फिटर. त्यानं घरच्या घरी एक उंच एकचाकी सायकल बनवली होती. खाली एकच चाक, त्यावर साडेसहा फुटांचा दांडा, टोकाला गादी आणि वरच्या पायडलपासून खालच्या चाकापर्यंत लांबलचक साखळी. ती साखळी लोंबत होती, सांडू भिंतीला लटकला होता आणि पंक्चरवाला फकिरा खालून ओरडत होता, "दमयंतीबाईला आधी भिंतीला टेकवून ठेव! मग तेल पाज तिला!"

तिला! माझ्या नावानं! तेही एकेरीत!

"सांडू, हे नाव कुणी ठेवलं?"

सांडू खाली उतरला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "तसंच पडलं, बाई."

"तसंच काहीही पडत नाही. पडायलाही गुरुत्वाकर्षण लागतं!"

तो साखळी बसवायला वळला. दहावीतही प्रश्न आला की असाच दुसरीकडे वळायचा.

मग मी रीतसर शोध घ्यायचं ठरवलं. वही घेतली, रकाने आखले. नाव कुठं ऐकलं, कुणाकडून ऐकलं, कारण काय असावं. आणि दारोदार निघाले.

गिरणीवाल्या वच्छलाबाई दळण चालू ठेवूनच ओरडल्या, "आता बगा, उंच हाय, वाळकी हाय अन् वाकत नाय. म्हणून असंल!"

मी लिहिलं, 'आकारसाम्य.' पेन्सिलीचं टोक मोडलं.

फकिरा म्हणाला, "लई कडक वस्तू हाय, बाई. जरा हिकडंतिकडं झालं की थेट जमिनीवर आपटती. तुमच्या तासाला पोरांचं व्हायचं तसंच."

शेजारच्या आशाबाईंनी तर टाळीच वाजवली. "अगं बाई! त्या सायकलीला तुमचं नाव हाय व्हय? आमाला म्हाईतच नव्हतं! चतुराबाई, ओ चतुराबाई, ऐकलं का!"

सोमवारी हे नाव नऊ माणसांना ठाऊक होतं. बुधवारी एकशे बारा! मोजायला गेलं की मोजमापच बिघडतं, हे मी दरवर्षी शिकवलं. अनुभव मात्र पहिल्यांदाच घेतला. गुरुवारी वाळूजची शिफ्टची बस माझ्यापाशी हळू झाली आणि खिडकीतून कुणीतरी अगदी आदरानं विचारलं, "बाई, आज पायी?"

कहर झाला शुक्रवारी! येत्या सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, मग मैदानावर खेळ. मंडळाचे अध्यक्ष कारभारी यांनी चौकातल्या फळ्यावर लिहिलं, 'सकाळी दहा वाजता दमयंतीबाईंची एका चाकावर मैदानाला फेरी. सर्वांनी यावे.'

दुपारी सोयगावहून नणंदेचा फोन. "वहिनी, या वयात? दादाला विचारलंत तरी का?"

दादा, म्हणजे आमचे श्रीनिवासराव, खुर्चीत पोट धरून हसत होते. "मी कशाला अडवू? फक्त मला झेलायला उभं करू नकोस!"

मी तडक कारभारींच्या दुकानात गेले.

"नाव बदला! परदेशात या सायकलीला जिराफ म्हणतात. मान लांब, म्हणून जिराफ. कारण स्पष्ट आहे आणि कुणाचा अपमान नाही."

"पण बाई, हितं जिराफ कुणी पाहिलाय? तुमाला समदे वळखतात."

"कारभारी!"

"बरं, बरं. जिराफ तर जिराफ."

पुढचा आठवडा मी नोकरीतही घेतले नव्हते एवढे कष्ट घेतले. फळा पुसून घेतला. जिराफाचं चित्र गिरणीत चिकटवलं. कुणी जुनं नाव घेतलं की तिथल्या तिथं दहा वेळा 'जिराफ' म्हणायला लावलं. वच्छलाबाईंनीसुद्धा दळण थांबवून म्हटलं! सांडूनं मुकाट्यानं दांडा पिवळा रंगवला, त्यावर तपकिरी ठिपके काढले. ते गोल झाले होते. जिराफाचे ठिपके कोनदार असतात, म्हणून मी ते पुन्हा काढायला लावले. तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पहिलं नाव लईच वाईट व्हतं का, बाई?"

"अतिशय!"

सतराला मैदान फुलून गेलं. सांडूनं भिंतीवरून मांड टाकली, दोन्ही हात पसरले आणि अख्खी फेरी मारली. एकदाही तोल गेला नाही! "जिराफ! जिराफ!" सगळी मुकुंदवाडी एका सुरात. मी समाधानानं मोजत होते, जुनं नाव किती वेळा येतं. शून्य!

सांडू परत भिंतीला टेकला तेव्हा कारभारींनी भिंतीवर चढून त्याच्यापुढे माइक धरला. "सांग गड्या, हे कुठं शिकलास?"

"दहावीला दोनदा नापास झालो," सांडू म्हणाला. "बाप म्हणला, चल शेतावर. बाईंनी घरी बोलावलं, माज्या बोटावर फूटपट्टी उभी केली. म्हणल्या, कलंल तिकडं बोट न्यायचं, पडू द्यायची नाय. पास झालो. ही सायकल म्हंजे तीच पट्टी हाय. म्हणून बाईंचं नाव ठेवलं व्हतं. तोंडावर सांगायला लाज वाटली. पण बाईंना लई राग आला, मग बदललं."

सगळे डोळे माझ्याकडे. मी गर्दीतून वाट काढत भिंतीपाशी गेले.

"सांडू, मी काय म्हणते... ते पहिलं नाव काही तितकंसं वाईट नव्हतं."

"आता कसं, बाई? ऑइलपेंट हाय."

"अन् आमी दळण थांबवून धा वेळा म्हणलं ते?" वच्छलाबाई कडाडल्या. "आता जिराफच!"

"दुसरी फेरी!" कारभारी माइकवर गरजले.

सांडू निघाला. शेकडो माणसं ओरडत होती, "जिराफ! जिराफ!" आणि त्यात कुठूनतरी एक चिरका आवाज, "दमयंतीबाई! दमयंतीबाई!"

श्रीनिवासरावांनी मान वळवली. "कोण गं ओरडतंय?"

"कोण जाणे," मी म्हणाले आणि तोंडाला पदर लावला.